मागच्या बाकावरचे मास्तर

माणूस देवाच्या शोधात निघाला की वाट त्याला आपोआप सापडते, असं पुष्कळ थोर लोकांनी लिहून ठेवलं आहे. आमच्या मास्तरांना मात्र ही वाट माझ्या स्कूटरवर मागे बसून, दर चौकात चहावाल्याला विचारत शोधावी लागे. शिवाय ते देवाच्या शोधात नव्हतेच. ते एक चर्च शोधत होते, आणि तेही स्वतःसाठी नव्हे.

कुठल्याही चर्चमध्ये पाऊल ठेवलं की मास्तर आधी शेवटच्या बाकापाशी जात, वाकून त्याचे पाय बघत आणि मधल्या बोटाच्या पेराने फळीवर दोनदा टकटक करत. साग असला तर मान डोलवत. आंब्याचं लाकूड असलं तर काही बोलत नसत. मग बसत. तीसएक वर्षं त्यांनी शाळेतल्या मुलांना सुतारकाम शिकवलं होतं, आणि जगातल्या बहुतेक गोष्टी त्यांना लाकडाच्या बाजूने कळत. देव सगळीकडे सारखाच असणार, असं ते म्हणत, "पण बाकावरून मंडळी कळते, प्रोफेसर." बाकाची पाठ काटकोनात ठोकलेली असली तर तिथला उपदेश लांबलचक असतो आणि कोणाला झोप लागू नये याची सोय आधीच केलेली असते. पाठ जरा कललेली असली तर मंडळी जुनी, सुखवस्तू आणि क्षमाशील. त्यांचा हा अंदाज चुकलेला मी फारसा पाहिला नाही.

मी नगरला त्यांच्या सावेडीतल्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला गेलो, ते नव्वदनंतरचं तिसरं किंवा चौथं वर्ष असेल. कॉलेजात इतिहास शिकवत होतो, म्हणून मास्तर मला 'प्रोफेसर' म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मी विचारलं नाही. मास्तर श्रीगोंद्याकडचे, जातीने सुतार, धर्माने हिंदू आणि सवयीने कशातच नसलेले. त्यांच्या पत्नी ख्रिस्ती. त्या त्याच शाळेत मराठी शिकवत. लग्नाला बत्तीस वर्षं होऊन गेली तरी त्या यांना 'मास्तर' म्हणत आणि हे त्यांना 'बाई'. सकाळी चहाच्या वेळी खालून "मास्तर, पेपर" आणि "बाई, साखर" असे आवाज येत, तेव्हा मला शिक्षकांच्या खोलीच्या वर राहत असल्यासारखं वाटे.

बाई बारा वर्षांच्या असल्यापासून त्यांच्या चर्चच्या क्वायरमध्ये गात होत्या. त्यांचा सूर दुसरा. म्हणजे सगळे जण जी चाल म्हणतात ती नव्हे, तिच्याखालून चालणारी, एकटी ऐकली तर कसलं गाणं आहे हे कळणार नाही अशी. मास्तरांशी लग्न करायचं ठरलं तेव्हा मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, वडीलधाऱ्यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि पश्चात्ताप करायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "झाला की कळवीन." आठ दिवसांनी चिठ्ठी आली की मंडळीच्या पटावरून त्यांचं नाव कमी करण्यात आलं आहे. खाली सेक्रेटरीची सही होती. तो सेक्रेटरी तेव्हा एक तरुण शिक्षक होता. पुढे तो हेडमास्तर झाला, निवृत्त झाला, आणि गावाने त्याला कायमचं 'हेडसर' करून टाकलं. भाजीबाजारात बाई समोरून आल्या की हेडसर एकाएकी कोथिंबिरीची जुडी निरखू लागत.

मास्तर दर वर्षी लग्नाच्या वाढदिवशी विचारत, "काय बाई, झाला का पश्चात्ताप?" बाई म्हणत, "अजून विचार चाललाय."

मला हे सगळं सांगितलं गेलं ते गंमत म्हणून. पण त्या वर्षी डॉक्टरांनी बाईंचे कान तपासले आणि सांगितलं की आतल्या शिरा सुकत चालल्या आहेत, दोन-तीन वर्षांत फारसं ऐकू येणार नाही. बाईंनी ते पाऊसपाण्याची बातमी ऐकावी तसं ऐकून घेतलं. मास्तर दोन दिवस घरामागच्या सुतारकामाच्या शेडमध्ये नुसतेच रंधा मारत बसले. शेडमध्ये भुसा आणि छिलके घोट्यापर्यंत साचले तेव्हा ते वर माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "प्रोफेसर, कान जायच्या आत बाईंनी एकदा भरलेल्या चर्चमधलं गाणं ऐकलं पाहिजे. ट्रान्झिस्टरवरचं नाही. मधे बसून."

बाईंना त्यांच्या चर्चमध्ये जायला आता कोणी अडवलं नसतं. तिथले पाळक, म्हणजे धर्मगुरू, पाच-सहा वेळा बदलले होते, नव्या पाळकांना ती चिठ्ठी माहीतही नव्हती. पण बाईंचं म्हणणं होतं, ज्यांनी जा म्हटलं त्यांनी या म्हणावं. तेव्हा मास्तरांनी ठरवलं की नगर जिल्ह्यात चर्चला काय तोटा आहे, दुसरं शोधू. आधी आपण जाऊन बघायचं, गाणं चांगलं असेल तर बाईंना न्यायचं. बाईंना हे माहीत होतं. त्या हसत आणि रविवारी सकाळी मास्तरांचा सदरा इस्त्री करून ठेवत. एकदाच म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरी जेवायला जाता येतं, मास्तर. राहायला जाता येत नाही."

मी बरोबर जात असे, कारण स्कूटर माझी होती. दुसरं असं की समारंभातल्या माणसांकडे बघत बसायची मला जुनी खोड आहे.

त्या सगळ्या सकाळी आता माझ्या मनात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. रंगीत काचेतून उतरलेला निळा तुकडा कुठल्या चर्चमधल्या फरशीवर पडायचा आणि छपराच्या तुळईवर पारवे कुठल्या चर्चमध्ये घुमायचे, हे मला आता खात्रीने सांगता येणार नाही. रस्ता आठवतो तो एकच, दोन्ही बाजूंना लिंबं, पुढे उसाच्या गाड्या, थंडीत धुरकट झालेलं ऊन, आणि खांद्यामागून येणारा मास्तरांचा आवाज, "हळू घ्या, देव कुठं पळून चाललाय."

पहिल्यांदा आम्ही कॅथॉलिकांच्या मिस्साला, म्हणजे त्यांच्या रविवारच्या उपासनेला, गेलो. तिथे उठा, बसा, गुडघे टेका, पुन्हा उठा, असा क्रम होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता, आम्हाला सोडून. आम्ही समोरच्या एका बाईचा अंबाडा बघून उठत-बसत होतो. तिने मध्येच वाकून चप्पल सरळ केली तर मास्तरांनी गुडघे टेकले. पुढे एकेक बाक उठून वेदीकडे जाऊ लागला. आमच्या रांगेतले सगळे उठले, मागून एका आजींनी ढकललं, आणि मास्तर प्रसादाच्या रांगेत निघावं तसे निघाले. फादरांपुढे पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. हळूच म्हणाले, "फादर, मी इथला नाही. मी सुतार आहे." फादरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "सुताराच्याच मुलाचं घर आहे हे, सुताराबद्दल इथे कोणी वाईट बोलणार नाही," असं म्हणून त्यांनी मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या माणसाकडे वळले. मास्तर परत येऊन बसले आणि समोरची फळी चाचपून बघू लागले. मग म्हणाले, "गुडघे टेकायच्या फळीला गादी पाहिजे. म्हाताऱ्यांचे हाल आहेत."

दुसऱ्या एका चर्चमध्ये सगळी प्रार्थना पुस्तकातून होई. अंगरखा घातलेले पाळक भारदस्त आवाजात पान क्रमांक सांगत. मास्तर नेहमी एक पान मागे असत. मंडळी क्षमा मागत असली की हे आभार मानत. ते म्हणाले, हिशेब शेवटी बरोबरच होतो.

प्रार्थनेला सगळे डोळे मिटत, पण मास्तर कधी मिटत नसत. कोण कोण डोळे उघडे ठेवतं, हे फक्त डोळे उघडे ठेवणाऱ्यालाच कळतं, असा त्यांचा शोध होता. लहान मुलं, पाळकांची बायको आणि आम्ही दोघं. पाळकांच्या बायकोची आणि मास्तरांची नजर अशी बऱ्याच चर्चमध्ये भेटली आणि दोघांनीही ती गोष्ट बाहेर काढली नाही.

सावेडीतच एका पिठाच्या गिरणीवरच्या हॉलमध्ये नवी मंडळी भरत असे. तिथे बाक नव्हतेच, भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. मास्तर टकटक करायला वाकले आणि नाइलाजाने सरळ झाले. तिथले पास्टर तरुण होते, माइक तोंडाला लावून धावत, आणि लोक हात वर करून मोठ्याने रडत, गात, टाळ्या वाजवत. नव्या माणसांनी उभं राहून साक्ष द्यावी असा तिथला रिवाज होता. म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. माइक आमच्यापर्यंत आला. मी इतिहासाचा माणूस असल्यामुळे पुराव्याअभावी गप्प बसलो. मास्तर उठले आणि म्हणाले, "माझी साक्ष अशी आहे की या हॉलचं दार आतल्या बाजूला उघडतं. एवढी माणसं आत असताना ते बरोबर नाही. बाहेर उघडणारं करून घ्या." हॉलभर "हालेलुया" झालं. पुढच्या आठवड्यात त्यांनी खरोखरच दार बदललं, आणि मास्तर स्वतः बिजागऱ्या बसवायला गेले. नगरमधल्या धर्मजीवनावर माझ्या माहितीतला हा सर्वांत टिकाऊ परिणाम.

शनिवारी उपासना करणारीही एक मंडळी होती. तिथे आधी वर्गासारखे प्रश्नोत्तरांचे तास होत आणि नंतर मटकीची उसळ. मास्तरांना उसळ आवडली. पण घरी ऐकल्यावर बाई म्हणाल्या, "शनिवारी देवाकडे गेले तर रविवारी मी काय करू? कपडे धुऊ?"

सगळ्यांत सुखाची सकाळ कुठली असं कोणी विचारलं, तर मी अकोले तालुक्यातल्या एका खेड्यातली सांगेन. भंडारदऱ्याकडे जाताना लागतं ते. एक खोलीचं चर्च, शेणाने सारवलेली जमीन, सतरंज्या. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. पाळक शेतकऱ्यासारखे दिसत आणि तबला स्वतः वाजवत. भजन सुरू झालं ते संपेचना. तेच एक कडवं पुन्हा पुन्हा, थोडं चढून, थोडं उतरून. दारातून डोंगराची कड दिसत होती आणि तिच्यावरून ढग सरकत होते. कोणी तरी दळत बसावं तसं ते गाणं चाललं होतं. थोड्या वेळाने शेजारी घोरण्याचा आवाज आला. मास्तर भिंतीला टेकून गाढ झोपले होते. मी त्यांना हलवणार तेवढ्यात पलीकडच्या एका म्हातारीने हाताने मला अडवलं. "राहू द्या. दमलं आसंल मानूस. देवाच्या घरात निजलंय, कुनाच्या बापाचं काय जातंय."

परत येताना मास्तर म्हणाले, इतकी चांगली झोप त्यांना निवृत्तीनंतर लागली नव्हती.

जेवायला बसल्यावर बाई अहवाल ऐकत. बाक, पाळक, उपदेशाची लांबी, सगळं ऐकून घेत, हसत. ऐकण्याचं यंत्र तोवर आलं होतं. पोलक्यात अडकवायची एक डबी आणि तिच्यातून कानाकडे गेलेली तार. मास्तर महत्त्वाचं सांगताना बाईंकडे न बघता त्या डबीकडे बघून बोलत. बाईंचा प्रश्न मात्र दर वेळी एकच असे, "दुसरा सूर कोण म्हणत होतं?"

मास्तरांना सुरातलं काही कळत नव्हतं. पण या प्रश्नासाठी ते कान देऊन ऐकायला शिकले होते. "दुसरा सूर म्हणजे सांधा, प्रोफेसर," असं त्यांनी मला एकदा समजावलं. "नीट बसला असला तर दिसत नाही. नसला तरच कळतं." आणि त्यांच्या लक्षात येत चाललं होतं की तो कुठेच नाही. कुठे कीबोर्ड आला होता, कुठे सगळे एकाच चालीत ओरडत, कुठे गाणारे चौघेच उरले होते. बाईंना ते सांगत, "होतं की कोणी तरी." बाई भाकरीचा तुकडा मोडत आणि पुढे विचारत नसत.

दीड-दोन वर्षं अशी गेली. डबीचं आवाज वाढवायचं चाक बाई दर काही महिन्यांनी थोडं पुढे फिरवत. आता पुढे फारसं चाक उरलं नव्हतं.

त्या हिवाळ्याच्या अखेरीस मी एका संध्याकाळी पाना शोधायला मास्तरांच्या शेडमध्ये गेलो. फळ्यांच्या थप्पीमागे, पोत्याखाली, मोरावळ्याच्या सात बरण्या ओळीने ठेवलेल्या होत्या. तोंडाला फडकं बांधलेल्या, कोणी उघडूनही न पाहिलेल्या. मागचा मोरावळा काळा पडला होता, पुढचा अजून सोनेरी होता. मी बरण्यांकडे बघत असतानाच मास्तर आले आणि चोरी पकडल्यासारखे स्टुलावर बसले.

मग उलगडा झाला. बाईंच्या चर्चमध्ये ज्वारी निघाली की कापणीचा सण होतो. ज्याच्या घरी जे असेल ते लोक देवाला आणतात, कणसं, ऊस, भोपळे, अंडी, कोंबडी, घरी केलेले पदार्थ, आणि उपासना झाल्यावर अंगणात त्याचा लिलाव होतो. पैसे मंडळीला. सात वर्षांपूर्वी बाईंनी आवळ्याचा मोरावळा केला आणि मास्तरांना म्हणाल्या, एवढी बरणी ठेवून या, नाव सांगू नका. म्हणजे बाई 'या' म्हणण्याची वाट बघत होत्या, पण दाराशी थोडा आवाजही करत होत्या. मास्तर बरणी घेऊन गेले. लिलावात ती टेबलावर आली.

"कुनी बोललंच न्हाई तर?" मास्तर सांगत होते. मन हललं की त्यांच्या तोंडात श्रीगोंदा येई. "सगळ्यांसमोर तशीच राह्यली तर? बाईंना काय सांगू मी?" म्हणून कोणी तोंड उघडायच्या आत त्यांनीच असा आकडा पुकारला की बाकीचे गप्प झाले. घरी आल्यावर बाईंनी विचारलं, गेली का. "पहिल्याच बोलीत गेली," मास्तर म्हणाले. कोणी घेतली? "मागे बसलेल्या एका माणसानं." यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. तेव्हापासून दर वर्षी हेच.

मी त्यांना म्हणालो, मास्तर, या वर्षी बोलू नका. लोकांना घेऊ दे. ते माझ्यावर चिडले. मी दोन पुस्तकं वाचलेला माणूस आहे, मला बाई माहीत नाहीत, बरणी माहीत नाही, असं बरंच काही ऐकवलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सणाच्या रविवारी सकाळी आठवी बरणी पिशवीत घालून जिन्याखाली उभे राहिले. "चला प्रोफेसर. पण माझा हात धरून ठेवा."

उपासना झाली ती मला आठवत नाही. मास्तरांनी बाकसुद्धा वाजवला नाही. बाहेर अंगणात चिंचेखाली टेबल मांडलं होतं, त्याच्या पायाला एक कोंबडा बांधला होता आणि तो उपदेशाच्या वेळेपासून आरवत होता. लिलाव करायला मंडळीतले एक भाजीचे अडते उभे होते, आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. भोपळा गेला, ऊस गेला, कोंबडा गेला. मग त्यांनी बरणी उचलली. "एका भगिनीकडून, मोरावळा." आणि सबंध अंगणाने मान वळवून मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर जमिनीकडे बघत होते. त्यांचा हात माझ्या हातात होता, जाड, घट्टे पडलेला, आणि वर यायला बघत होता.

"बोला की पाव्हणं," अडते म्हणाले. "तुमचीच बरनी हाय ही." मास्तर चपलेने माती उकरत राहिले. "तब्येत बरी न्हाई का?"

किती वेळ गेला कोण जाणे. चिंचेची पानं टेबलावर पडत होती. मला वाटलं मास्तर बरोबर होते आणि मी दोन पुस्तकं वाचलेला मूर्ख आहे.

मग पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "ते बोलत नसतील तर मी बोलते." तिच्यामागून दुसरी बोलली. मग उजवीकडून एक पुरुष, मग पुन्हा पहिली, आणि एकदम सात-आठ जण. आकडे एकमेकांवर चढू लागले. पहिली बाई आमच्याकडे वळून शेजारणीला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सात वर्सं झाली, हा मानूस एकटा बरनी घेऊन जातोय. आमाला बोट बुडवायला मिळालं न्हाई. इतका कसला मोरावळ्याचा हावरेपना म्हन्ते मी." मास्तरांनी वर पाहिलं. सात वर्षं त्या मंडळीत त्यांची हीच ओळख होती, हे त्यांना तेव्हा कळलं.

शेवटचा आकडा व्हरांड्यातून आला. तिथे काठीवर हनुवटी टेकून हेडसर बसले होते. ते बोलले आणि बाकीचे मानाने थांबले. एक वार, दोन वार, तीन वार झालं. हेडसरांनी बरणी मांडीवर घेतली, फडक्याला नाक लावलं आणि काठी टेकत आमच्याकडे आले.

"सलाम, मास्तर," ते ख्रिस्ती रीतीने म्हणाले. चौतीस-पस्तीस वर्षांत ते मास्तरांशी पहिल्यांदा बोलत होते. "सुंठ आहे. त्यांची आईही सुंठच घालायची."

मास्तरांनी घाईघाईने सदरा खाली ओढला. म्हणाले, "सलाम."

"ती चिठ्ठी माझ्या हातची होती," हेडसर म्हणाले. "तेव्हा अक्षर चांगलं होतं माझं. आता पेन धरवत नाही." त्यांनी आपला कापरा हात दाखवला आणि परत काठीवर ठेवला. "बाईंना म्हणावं, बरणी न्यायला या. रविवारी, उपासनेला. त्यांनीच यायचं, तुम्ही नाही."

घरी बाई भाकऱ्या थापत होत्या. मास्तर दारातच उभे राहिले. बाईंनी विचारलं, "गेली का? कोणी घेतली?" मास्तरांनी डबीकडे बघून, सावकाश, एकेक शब्द उच्चारत सगळं सांगितलं. बाईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं, उलटली.

"हेडसरांना गोड चालत नाही," त्या म्हणाल्या. "मधुमेह आहे." मग भाकरी फुगल्यावर म्हणाल्या, "आणि त्या सात बरण्या शेडमधून काढा आता. मुंग्या व्हायच्या."

मास्तर माझ्याकडे बघू लागले. मी मान हलवली, मी सांगितलं नव्हतं. बाईंना पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मग दर वर्षी पाठवत का राहिलात, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही इतक्या हौसेनं घेत होतात. मोडवेना."

पुढच्या रविवारी बाई निघाल्या. पांढरी साडी, तिला बारीक निळा काठ. रिक्षातून त्या आणि मास्तर, मागून मी. त्या शेवटच्याच बाकावर बसल्या, आमच्या दोघांच्या मध्ये. पुढे काही जुन्या बायकांनी मान वळवून पाहिलं आणि एकमेकींना कोपर मारलं. ऊन खिडकीतून तिरपं येत होतं, त्यात धूळ इतकी हळू तरंगत होती की मला ते अकोल्याकडचं खेडं आठवलं. गाणं सुरू झालं. बाईंनी डबीचं चाक शेवटपर्यंत फिरवलं, मग डबीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. पुस्तक उघडलं नाही. दुसऱ्या कडव्याला त्या गाऊ लागल्या. सगळे जिकडे चालले होते तिकडे नव्हे, त्यांच्याखालून, एकट्याच, सुरुवातीला अगदी हळू. समोरच्यांच्या पाठी बघून त्या ओळी पकडत असाव्यात. मास्तर ताठ उभे होते, लाकडात पाणी आहे की नाही हे बघताना धरत तसा श्वास धरून.

बाहेर आल्यावर हेडसरांच्या सुनेने बरणी आणून दिली, धुऊन, आत शेंगदाणे घालून. बाई आणि हेडसर चिंचेखाली थोडा वेळ उभे होते. काय बोलले ते आम्ही ऐकलं नाही, आणि बाईंनाही ते ऐकू आलं असेल असं वाटत नाही. दोघेही मान हलवत होते.

रिक्षात बसताना बाईंनी मास्तरांचा दंड धरला. "मला काही ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "नुसती गाज. समुद्र लांब असावा तशी. माझा सूर बरोबर होता का?"

"अगदी बरोबर," मास्तर म्हणाले, ज्यांना सुरातलं काही कळत नव्हतं.

त्यानंतर ते दोघं दर रविवारी जात. माझ्या स्कूटरची गरज संपली. मास्तर पाहुणेच राहिले. पाळकांनी एकदा प्रेमाने विचारलं तेव्हा म्हणाले, मी बाईंना सोडायला येतो. सव्वा वर्षाने, पावसाळ्याच्या तोंडावर, ते दुपारी झोपले ते उठले नाहीत. स्मशानात फादर आले होते, अंगरखेवाले पाळक आले होते, गिरणीवरच्या हॉलचे पास्टर आले होते, शनिवारवाले आले होते. या मंडळींना एरवी एका छताखाली यायची सवय नसावी. चौघं चार झाडांखाली उभे होते, आणि प्रत्येकाच्या मते मास्तर त्यांच्याकडे हळूहळू वळत होते.

बाईंच्या बहिणीने त्यांना संगमनेरला नेलं. माझी बदली झाली. निघण्याआधी मी एका रविवारी बाईंच्या चर्चमध्ये निरोप घ्यायला गेलो, तेव्हा क्वायरमध्ये हार्मोनियम वाजवणारे गृहस्थ भेटले. बाईंचा विषय निघाला. मी विचारलं, त्या पहिल्या दिवशी बाईंचा सूर कसा होता? ते जरा संकोचले. म्हणाले, दुसरा सूर त्यांच्या क्वायरमध्ये पंधरा-वीस वर्षांत कोणी ऐकलेला नव्हता. त्यामुळे बाई गात आहेत हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही, पेटी बिघडली असं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती दुरुस्तीला पाठवली. दुकानदाराने चार दिवस ठेवून घेतली आणि काही दोष नाही म्हणून परत दिली.